पिकअपचं नाक वर उचलण्याआधी टेप हातात घ्या

लेव्हलिंग किट, म्हणजे पिकअपची खाली झुकलेली पुढची बाजू मागच्या उंचीला आणणारे सुटे भाग, निवडताना पहिली चूक होते ती न मोजता दोन-अडीच इंचाचं किट मागवण्याची. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमधली हवा तपासा आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांपाशी मोजा. पुढच्या-मागच्या मापातला फरक म्हणजे तुमची कमाल गरज. मागे वजन लादत असाल किंवा ट्रेलर ओढत असाल, तर त्यातला अर्धा-पाऊण इंच सोडूनच द्या, नाहीतर भरलेली गाडी मागे बसेल आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील.

एक गोष्ट नीट समजून घ्या: स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (ज्यात प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं) स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीवर, बसणाऱ्या स्पेसरची, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकतीची, जाडी आणि मिळणारी उंची सारखी नसते. साधारण एक इंचाच्या स्पेसरने चाकापाशी जवळपास दोन इंच वाढतात. म्हणून स्पेसरची जाडी नाही, किटवर लिहिलेली लिफ्ट (प्रत्यक्ष वाढणारी उंची) बघा. टॉर्शन बारची (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेली) गाडी असेल तर किटच वेगळं लागतं.

उंची जितकी जास्त, तितका बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनची ताकद पोचवणारा सांधा) यांचा कोन तिरका. फोर-बाय-फोरमध्ये मी तरी कमीच उंची घेईन. स्ट्रट जुने झाले असतील तर स्पेसरवर पैसे घालू नका, उंच स्ट्रटच बसवा. काम झाल्याबरोबर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि हेडलाइटची दिशा, दोन्ही करून घ्या.