घाणेरीची हजामत आणि माझं वाया गेलेलं पहिलं वर्ष

टेकडीवरची घाणेरी काढणाऱ्या गटात नाव घातलंत, रविवारी सकाळी जमायचं ठरलं, तर सोबत काय न्यायचं हे तुम्हाला एव्हाना कळलेलं असेल. पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, घोट्याच्या वर येणारे बूट. फक्त सुती हातमोजे घरी ठेवा, घाणेरीचे काटे त्यातून थेट बोटांत घुसतात. चामड्याचे घ्या. बाकी तयारीवर शब्द घालवत नाही, कारण माझं पहिलं अख्खं वर्ष तयारीअभावी वाया गेलं नाही. चांगला घाम गाळून वाया घालवलं मी ते.

आमच्या गटाकडे माळावरची घाणेरी काढायचं काम होतं. काही ठिकाणी हिला टणटणी म्हणतात. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली, शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांच्या काळात इकडे आली आणि कुंपण ओलांडून डोंगरांवर चढली. एकाच गुच्छात पिवळी नि गुलाबी फुलं, दिसायला देखणी. पान चुरगळून बघा, मग नावाचा अर्थ कळेल. पाला गुरांना विषारी, त्यामुळे जनावरं तिला सोडून आजूबाजूचं गवतच खातात. म्हणजे चराई जितकी जास्त, तितकी हिला जागा मोकळी.

गटातल्या जाणत्यांनी सांगितलं, जमिनीलगत छाटा. आम्ही छाटली. कोयते घेऊन चार महिने, दर रविवारी. ढीग रचले, ढिगांसमोर फोटो काढले. टेकडीचा तो उतार भादरल्यासारखा साफ दिसायला लागला आणि मी सुद्धा भेटेल त्याला तो दाखवत सुटले. मग पाऊस झाला. जिथे एक फांदी तोडली होती तिथे सात-आठ धुमारे, तेही हिरवेगार, वीतभर. ऑगस्टपर्यंत झुडूप आधीपेक्षा दाट. मोळी घेऊन उतरणाऱ्या एक मावशी थांबल्या, म्हणाल्या, “पोरी, तू हिला मारत नाहीस, हिची हजामत करतेस.” मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तर हा सापळा नीट समजून घ्या, मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. घाणेरीचं खोड आणि मूळ जिथे जुळतं, तिथे मातीच्या जरा खाली एक पट्टा असतो. नवे धुमारे तिथून फुटतात. तुम्ही जमिनीलगत कितीही बारीक छाटलं तरी हा पट्टा शाबूत राहतो, आणि छाटणी म्हणजे त्याला फुटायचा इशाराच. जाळलं तरी तेच, राखेतून पुन्हा कोंब. तोडायचं ते त्या पट्ट्याच्या खाली, मुख्य मुळावर. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत बसवली, कॉर्बेटच्या जंगलात वापरून पाहिली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केली. मातीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर, एवढाच घाव. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. आधी कोणी सांगितलं असतं तर!

प्रत्यक्षात ते असं होतं. बुंध्याशी जायला वाट होईल इतक्याच फांद्या बाजूला करायच्या. गुडघे टेकून बसायचं. कुदळीने बुंध्याभोवतीची माती बोटभर खरवडायची, मग हाताने, खोडांचा जुडगा संपून जाड मूळ एकटं खाली उतरताना दिसेपर्यंत. तिथे तिरका घाव. नीट बसला तर दोघांनी उचलल्यावर अख्खं झुडूप हातात येतं. आणि आता महत्त्वाचं: ते उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सुलटं टाकलंत तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या तिथेच मुळं धरतात. हे शेवटचं आम्ही दोनदा विसरलो, दोन्ही ढीग हिरवे झाले. सगळं मूळ उपटत बसू नका. उतारावर तेवढी माती मोकळी केलीत तर पावसात ती खाली येते.

जेसीबी आणून एका दिवसात संपवू म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला चहा पाजा आणि गप्प बसवा. उलथलेल्या मातीत जुनं बी एकदम रुजतं आणि सोबत गाजरगवतही हजेरी लावतं. फवारणीबद्दल मी बोलतच नाही, माझा राग आवरत नाही.

एकदा तोडलं की संपलं असं मात्र समजू नका. बुलबुल, मैना काळी फळं खातात, जवळच्या झाडावर बसतात आणि बी खाली टाकतात. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली आणि ओघळींच्या कडेने फिरून रोपं उपटावी लागतात. पाऊस पडून गेला की बोटभर रोप चिमटीत येतं, अगदी सोपं काम. कंटाळवाणं, पण सोपं. तुमच्या गटाला सुरुवातीलाच विचारा, पुढच्या वर्षी इथे कोण येणार आहे? उत्तर देताना चुळबूळ झाली तर दुसरा गट शोधा. रिकाम्या जागेत मारवेल, डोंगरी अशी इथली गवतं आली नाहीत तर ती जागा घाणेरी पुन्हा घेते. तिथे घाईने झाडं लावू नका, माळ हा माळच असू दे.

आणखी एक विचारा, जमीन कोणाची? वनविभागाची असेल तर लेखी परवानगी, गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलणं. अभयारण्यात तर परवानगीशिवाय एक फांदीही तोडायची नाही. हे गटप्रमुखाचं काम असतं, पण पाहिल्याशिवाय कोयता उचलू नका.

दाट झुडपात हात घालण्याआधी काठी आपटा. खडकाळ टेकडीवर फुरसं हा विषारी साप असतो, दगडाच्या रंगात बेमालूम मिसळलेला. आत घरटं दिसलं तर ते झुडूप त्या दिवशी सोडा.

शिकवणाऱ्याबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. शास्त्रीय नावं घडाघड म्हणणाऱ्यामागे फिरू नका. गेल्या वर्षी तोडलेल्या बुंध्यापाशी जो तुम्हाला नेऊन दाखवतो, त्याच्यासोबत राहा. आम्हाला असा माणूस वनमजुरांत मिळाला. कुदळ कशी धरायची हे तो बोलत नव्हता, माझी मूठ पकडून सरकवायचा.

आणि पहिल्या दिवशी तीनच झुडपं निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. माझं पहिलं नीट निघालेलं झुडूप अर्धा तास खाऊन गेलं, त्यात एक घाव दगडावर बसला आणि मनगट आठवडाभर दुखत होतं. आता तेच पाच-सात मिनिटांत होतं. गेल्या रविवारी मात्र कुदळ हातात घेतलीच नाही. बोरीखाली बसून दुपारपर्यंत रोपंच उपटली, एकशे चाळीस मोजली, पुढे मोजायचं सोडून दिलं. मोज्यांत अडकलेली कुसळं घरी येऊन वेचली. जिथे आम्ही हजामत केली होती त्याच उतारावरची.