कोळंबीचं बीज सोडण्याआधी पीसीआर
कोळंबीचं बीज तळ्यात सोडण्याआधी पीसीआर चाचणी करून घ्याच. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू अंगात असूनही पिल्लं टुणटुणीत पोहताना दिसतात. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. ही चाचणी विषाणूचा डीएनए शोधते. मात्र नमुना तुटपुंजा नको. दहा-वीस पिल्लं तपासून आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल जवळपास बिनकामाचाच! टाकीच्या वेगवेगळ्या भागांतली, मलूल दिसणारीही घेऊन, किमान 150 पिल्लं द्या. मग शंभरात दोनच बाधित असली, तरी नमुन्यात एखादं येण्याची शक्यता सुमारे 95 टक्के. आणि हो, ‘एसपीएफ’ बीज म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त बीज, रोगप्रतिकारक नव्हे. खेकड्यांमार्फत किंवा बाहेरच्या पाण्यातून विषाणू नंतरही शिरू शकतो.