बोअर-पिस्टन बदललं, आता गाडी रुळवायची कशी?

बोअर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर, म्हणजे ब्लॉक, आतून कापून मोठ्या मापाच्या नव्या पिस्टनजोगा करणं. रुळवणं म्हणजे हे नवे भाग एकमेकांशी घासून जुळू देणं. असं इंजिनकाम होऊन गाडी गॅरेजबाहेर आली की जो तो एकच सांगतो, चाळीसच्या वर नेऊ नका. आमच्याकडे खानदेशात तेच अहिराणीत येतं: "आते हयूहयू चालाड भाऊ, मंग पयाडजो." म्हणजे आता हळूहळू चालव, मग पळव. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. त्याच अर्ध्या सल्ल्यापायी माझ्या शंभर सीसीच्या गाडीचा पहिला बोअर वाया गेला. मिस्तरीने गाडी स्टँडवर लावली, समोर टेबलफॅन ठेवला आणि दोन तास नुसती सुरू ठेवली. पुढे पंधरा दिवस मी पस्तिशी ओलांडली नाही. महिन्याभरात सायलेन्सरमधून निळा धूर, आणि तेल कुठे जातंय तेच कळेना. ब्लॉक खोलला तर आतली भिंत स्टीलच्या ताटासारखी चकचकीत. मला वाटलं, वा, काय साफ आहे. मिस्तरी कपाळाला हात लावून बसला.

ती भिंत चकचकीत नकोच असते. बोअर केल्यावर ब्लॉकला होनिंग करतात, म्हणजे दगडाने आतून आडव्या-तिडव्या बारीक रेघा पाडतात. नखाने चाचपलं तर जेमतेम लागतील इतक्या. या रेघांच्या खाचांत तेल धरून राहतं आणि त्यांचे उंचवटे आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगा, म्हणजे कड्या, घासून एकमेकांच्या मापाच्या होतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती तिच्या स्वतःच्या ताणाने थोडी, आणि जळलेल्या गॅसच्या दाबाने जास्त. हा गॅस रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. म्हणून इंजिनवर थोडा भार हवाच. नुसती स्टँडवर सुरू ठेवली तर दाब पडत नाही, रिंग बसत नाही, तेल वर येऊन भाजतं आणि रेघांवर त्याचा गुळगुळीत लेप चढतो. एकदा तो चढला की पुन्हा होनिंग आणि पुन्हा रिंगा. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा पहिल्याच दिवशी कोणी शर्यतीत उतरवत नाही, पण महिनाभर खुंट्याला बांधूनही ठेवत नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी

बोअर कितवा, ते विचारून लिहून ठेवा. पिस्टन सहसा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा वाढीव मापांत मिळतात. पुढच्या वेळी हीच नोंद कामाला येते. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कडक मुलामा असतो. त्यांचा बोअर होत नाही, अख्खा ब्लॉकच बदलतात.

दुसरी गोष्ट विचारायला लाज वाटते, तरी विचारा: होनिंगनंतर ब्लॉक कशाने धुतला? नुसत्या पेट्रोलने धुतला असेल तर दगडाची भुकटी रेघांमध्येच राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश हवा. मग कोरडा करून, तेलात भिजवलेली पांढरी चिंधी आतून फिरवायची. चिंधी राखाडी निघाली तर परत धुवायचं. पांढरीच निघाली की झालं. हे आपल्यासमोर करून घेतलं तर मिस्तरी थोडा चिडतो, चालायचंच.

एअर फिल्टर नवा टाका. काळ्या मातीची धूळ मार्च ते जूनमध्ये किती उडते ते सांगायला नको. नव्या भिंतीला तिच्याइतका वाईट शत्रू नाही.

पहिली किक

तेल मापात भरून, चावी बंद ठेवून पंधरा-वीस किका मारा, म्हणजे तेल वर चढायला लागतं. मग गाडी सुरू करा आणि रेस किंचित वाढवून मिनिट-दोन मिनिटं चालू द्या. सुरुवातीला थोडा धूर येईल. जोडणी करताना लावलेलं तेल जळतं ते. तेवढ्यात खाली वाकून बघा, गास्केटमधून, म्हणजे दोन भागांमधल्या पॅकिंगमधून, कुठे तेल पाझरतंय का. सगळं ठीक असेल तर तिथेच रेंगाळू नका, गाडी रस्त्यावर काढा.

पहिले पन्नास किलोमीटर

सगळा खेळ इथे आहे. वेळ पहाटेची घ्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास जातो, आणि हवेवर थंड होणारं इंजिन त्या हवेत थंड व्हायचं कसं?

गाडी पाच-सात किलोमीटर आरामात चालवून चांगली तापू द्या. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पंचविशीवरून अर्ध्या रेसने पंचेचाळिशीपर्यंत न्या. घाई नको, पण रेस स्पष्ट द्या. तिथे पोचलात की रेस पूर्ण सोडा, क्लच दाबू नका, आणि गाडी आपोआप पंचविशीपर्यंत उतरू द्या. असं आठ-दहा वेळा. रेस देताना रिंग भिंतीवर दाबली जाते. रेस सोडली की आत ओढ तयार होऊन तेल भिंतीवर येतं आणि घासून निघालेली धातूची भुकटी धुऊन नेतं. देणं आणि सोडणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं. हे झालं की घरी आणून गाडी पूर्ण गार होऊ द्या. सायलेन्सरला हात टिकेल इतकी नाही, ब्लॉकला टिकेल इतकी.

हे आकडे शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीचे आहेत. मोठ्या गाडीला तिच्या पुस्तकातली मर्यादा लागू.

पाचशेपर्यंत

रस्ता नीट निवडा. जळगाव-धुळ्याचा चौपदरी महामार्ग गुळगुळीत आहे, पण नव्या इंजिनासाठी कंटाळवाणा. एकदा साठवर रेस धरली की तासभर तीच. एकाच वेगात रिंग एकाच तऱ्हेने घासत राहते. त्यापेक्षा यावल-चोपडा रस्ता बरा. साकळी, किनगाव, अडावद करत गावं येत राहतात, प्रत्येक गावाला ब्रेकर, मध्येच केळीचा ट्रक, मध्येच ट्रॅक्टर. वेग आपोआप वर-खाली होतो. एरवी शिव्या घालतो त्या ब्रेकरचा एवढा एकच उपकार.

या काळात पूर्ण रेस नको आणि टॉप गिअरमध्ये गाडी रडवणंही नको. वेग पडला की गिअर उतरवा. हळू चालवतोय म्हणून चौथ्यात तिशीवर धडधडत जाणं, हा पळवण्याइतकाच छळ आहे. डबल सीट शक्यतो टाळा. चाऱ्याचा भारा, खताची गोणी, ट्रिपल सीट अजिबात नाही. कन्नड घाट, तोरणमाळ, तळोद्याहून धडगावला जाताना लागणारा चांदसैली घाट, हे सगळे चढ नंतर. तीसेक किलोमीटर झाले की चहाला थांबा. तापलेल्या ब्लॉकवर पाणी मात्र ओतू नका. टपरीवर कोणीतरी हमखास मग घेऊन पुढे येतोच, त्याला हात जोडा.

तेल

इंजिनकाम झालेल्या गाडीचं पहिलं तेल पन्नास ते शंभर किलोमीटरवर काढा, मग पाचशेवर. शोरूमची कोरी गाडी असेल तर पुस्तकातलं पहिल्या सर्व्हिसचं अंतर पाळा, वॉरंटीही त्यावरच असते. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं, आणि डब्यावर जासो एमए (JASO MA, बाइकच्या तेलाचं मानक) असं लिहिलेलं. कारचं तेल टाकू नका, बाइकचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतो आणि घसरायला लागतो.

काढलेलं तेल ओतून देण्याआधी पसरट डब्यात उन्हात धरा. चांदीच्या रंगासारखी बारीक चमक असेल तर घाबरू नका, रुळण्याची खूण आहे ती. पण बोटाला टोचतील असे तुकडे असतील तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे रिंग, गिअर वगैरे. न चिकटणारे पांढरे तुकडे बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनवर शंका. दोन्ही वेळा गाडी सुरू न करता गॅरेज गाठा. तेलाची जाळीही याच वेळी साफ करून घ्या, मिस्तरी घाईत ती विसरतात.

पिस्टन धरायला लागला तर

पिस्टन धरणं म्हणजे तो तापून सिलिंडरमध्ये अडकणं. चालता चालता रेस देऊनही ओढ कमी व्हायला लागली, किंवा गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली, की पहिलं काम क्लच दाबणं. नाहीतर मागचं चाक जाम होऊन तुम्ही रस्त्यावर. गाडी कडेला घ्या, सावलीत अर्धा तास थांबा, तोवर किक मारू नका. गार झाल्यावर किक हलकी जात असली, तरी पुढचा प्रवास थेट गॅरेजपर्यंतच.

कारवाल्यांसाठी थोडक्यात

आजच्या कारखान्यात सिलिंडर इतके नीट घासून येतात की फार सोपस्कार नाहीत. पहिले हजार किलोमीटर क्रूझ कंट्रोल लावू नका, ट्रॉली ओढू नका, एसीसाठी कार तासन्‌तास उभी सुरू ठेवू नका. बाकी पुस्तकात असेल ते.

रुळली का, हे बघायला दर दोनशे किलोमीटरला गाडी सपाटीवर, मधल्या स्टँडवर लावून तेलाची काडी बघा आणि पातळी लिहून ठेवा. सुरुवातीला थोडी उतरेल, पाचशेनंतर थांबायला हवी. हजारला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि चेन बघून घ्या. माझ्या दुसऱ्या बोअरला सहाशेनंतर काडी जिथल्या तिथे राहिली. मग एका सकाळी धुळ्याला निघालो आणि लळिंगच्या चढाला पहिल्यांदा पूर्ण रेस दिली. आरशात धूर नव्हता.