पिकअप उचलून मोठे टायर घालताय? या चुका टाळा

"किती इंच उचलता येईल?" गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि प्रश्नच उलटा असतो. आधी टायरचं माप ठरवा. तो टायर घासू नये म्हणून कमीत कमी किती उंची लागते ते बघा. तेवढीच घ्या. त्यापुढची उंची फक्त दिसायला असते आणि तिचा भार कुठल्या ना कुठल्या सांध्यावर, बुशवर नाहीतर शाफ्टवर पडतो.

एक साधा हिशेब बहुतेकांनी केलेलाच नसतो. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी भरतो, २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी. फरक ५५ मिमी, म्हणजे ऍक्सल (चाकांना जोडणारा आडवा दांडा) जमिनीपासून त्याच्या निम्म्याने, २७ मिमीने वर जातो. मागचा ऍक्सल वर नेणारी गोष्ट टायर ही एकच. दोन इंचांचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवा नाहीतर चार इंचांचं, डिफरन्शियलचा गोळा (ऍक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) आहे तिथेच राहतो. किट चेसिस आणि बॉडी वर नेतं, टायरला फिरायला जागा देतं. बॉडी लिफ्टमध्ये तर चेसिसही जागचं हलत नाही, फक्त बॉडी वर येते. हे माहीत नसताना केवळ किटच्या जोरावर दगडाधोंड्यांत गाडी घालणाऱ्याचा गोळा आपटतो आणि मग किट बोगस ठरतं.

सपाट जमिनीवर बोटं घालून मोजणं

गाडी सपाटीवर उभी करायची, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं घालायची आणि "बसतोय की!" म्हणायचं. उभ्या गाडीत टायर कधीच घासत नसतो. तो घासतो फुल कट मारल्यावर, म्हणजे स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर, आणि चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावर, आणि दोन्ही एकदम झालं की हमखास. ज्या गाड्यांत बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीच्या वर जाऊ न देणारा ठोकळा) चेसिसवर असतो, तिथे तो खाली घेतला नसेल तर दाबलेलं चाक पूर्वी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंत आताही जाणार. फक्त आता तिथे मोठा टायर जाणार.

माझी सवय अशी: स्प्रिंग काढून नुसता शॉकअप बसवायचा, चाक लावायचं, खालच्या आर्मखाली (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांडीखाली) जॅक देऊन बंप स्टॉप टेकेपर्यंत चाक वर घ्यायचं आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठे लागतं ते डोळ्यांसमोर दिसतं. वेळखाऊ काम आहे, मान्य. एवढं करायचं नसेल तर निदान टायरच्या खांद्याला खडू फासा, एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, फुल कट मारून हळू पुढे घ्या. मग तसंच मागेही घ्या, कारण बऱ्याच गाड्या पुढे जाताना गप्प असतात आणि रिव्हर्सला मडगार्डच्या आतलं लायनर खातात. खडू जिथे पुसला गेला तिथे टायर लागतोय.

बाहेर आलेल्या रिमने हा प्रश्न सुटतो असं सांगणारेही भेटतील. रिमचा ऑफसेट कमी केला, म्हणजे चाक बाहेर काढलं, की टायर आतल्या आर्मपासून सुटतो, पण वळताना त्याची बाहेरची कड मोठा घेर घेते आणि बंपरच्या कोपऱ्याला नाहीतर मडगार्डच्या मागच्या बाजूला लागते. आतलं दुखणं बाहेर आणलं, एवढंच.

स्पेसरवर स्पेसर

माझा सगळ्यात जास्त राग या प्रकारावर आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत शॉकअप खालच्या आर्मच्या मधल्या भागात कुठेतरी टेकतो, चाक आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीची चकती घातली की चाकापाशी उंची त्याच्या दुपटीच्या आसपास वाढते. नवशिक्याला हे ठाऊक नसतं. हातात पातळ चकती बघून त्याला वाटतं, एवढ्याशाने काय होणार?

एक पोरगा गाडी घेऊन आला. पुढे आधीच उंच स्प्रिंग बसवलेली, आणि मागच्या मानाने पुढून खाली दिसते म्हणून त्यावर याने स्वतःच चकती चढवलेली. तक्रारी तीन: खड्ड्यातून चाक सुटलं की 'खट्' आवाज, वळताना कटकट, आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे. सीव्ही जॉइंटचं (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचं) बूट, म्हणजे रबरी आवरण, त्याने एकदा बदललेलं होतं. ते पुन्हा फाटलं, म्हणून बूट विकणाऱ्याला शिव्या घालत होता.

गाडी चेसिसवर उचलून पुढची चाकं लोंबकळू दिली. वरचा आर्म चक्क स्प्रिंगवर येऊन टेकला होता. स्प्रिंगच्या त्या वेढ्यावरचा रंग घासून लोखंड चमकत होतं. 'खट्' तिथून येत होता. वरचा बॉल जॉइंट आपल्या फिरण्याच्या शेवटच्या टोकाला अडकलेला. सीव्ही शाफ्ट इतका तिरका झालेला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत होत्या. असं बूट कुठल्याही कंपनीचं आणा, फाटणारच. फाटल्यावर ग्रीस बाहेर, माती आत, आणि आता जॉइंटही वाजायला लागलेला.

चकती काढायला तो तयार होईना. "काका, मग पुढून बसलेली दिसेल ना!" म्हटलं, दिसू दे. चकती काढली, शाफ्ट बदलला, 'खट्' गेला, कटकट गेली. स्प्रिंग किंवा चकती, दोन्हीपैकी एक घ्या. एकाच कोपऱ्यावर दोन लिफ्ट मी बसवत नाही आणि दुसऱ्याने बसवलेल्या असतील तर आधी त्या उतरवायला सांगतो. डिफरन्शियल खाली घेणारे तुकडे शाफ्टचा कोन थोडा सुधारतात, आर्म आणि बॉल जॉइंटसाठी ते काहीही करत नाहीत.

पुढून उचलली की अलाइनमेंट बिघडलेलं असतंच. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून परत येत नाही. अलाइनमेंटवाल्याच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसलं म्हणून पैसे देऊन निघू नका. कागद मागून घ्या. कॅस्टर मर्यादेच्या वरच्या टोकाकडे आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखा हवा. मूळ आर्मच्या ऍडजस्टमेंटमध्ये तो मिळत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात. हा खर्च किट घेतानाच धरायचा असतो, आणि कुणीही धरत नाही.

जुने यू-बोल्ट परत वापरणं

मागे पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) ठोकळे घालून गाडी उचलणं चालतं, एका ठोकळ्यापर्यंत. ठोकळ्यावर ठोकळा नाही, आणि पुढे पाटे असतील तर पुढच्या ऍक्सलवर ठोकळा अजिबात नाही. उंच ठोकळ्यावर ऍक्सिलरेटर दाबला की ऍक्सल पाट्यांना पिळतो. तो पीळ जास्त झाला की शाफ्ट थरथरतो आणि त्याचे क्रॉस (सांधे) जातात. उतरता ठोकळा (एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ) उलटा बसवला तरी हेच होतं, त्यामुळे बसवण्याआधी त्याची जाड बाजू कुठे हवी ते वाचा.

ठोकळा, पाटे आणि ऍक्सल एकत्र आवळणारा यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो, आटेही बिघडतात. तो सोडून परत आवळला तर टॉर्क पाना 'टक' करेल, पण पकड पूर्वीची नसेल. नवे घ्या, योग्य लांबीचे घ्या, तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शंभरेक किलोमीटर चालवून परत टॉर्क तपासा. हे सगळं कशासाठी? पाटे आणि ऍक्सल यू-बोल्टच्या दाबाने धरलेले असतात. मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट सैल पडले की सगळा जोर त्या बारक्या बोल्टवर येतो, तो कापला जातो, आणि ऍक्सल सरकून गाडी तिरकी चालू लागते.

मागच्या ऍक्सलपासून चेसिसकडे एक बारीक दांडी जाताना दिसली तर ती भार ओळखणारी ब्रेकची व्हॉल्व्ह आहे. गाडी उचलली की तिला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ती मागच्या ब्रेकचा दाब कमी करते. तिचा ब्रॅकेट उंचीच्या हिशेबाने जुळवावा लागतो. हे विसरणारे इतके आहेत की आता मी आधी तिथेच बघतो.

चाकं लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळणं

रबरी बुशमध्ये आतली नळी बोल्टने जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत जातं. गाडी कडक चालते, बुश लवकर फाटतात. गंमत म्हणजे पिळलेलं रबर गाडीला थोडं वरही धरून ठेवतं, आणि लोक खूश होतात की किटने सांगितल्यापेक्षा जास्त उंची दिली! आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून हलवा आणि मग पूर्ण आवळा. अर्ध्या तासाचं काम वाचवायला लोक बुशचा पूर्ण सेट घालवतात.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली सोडून, दोन्ही बाजूंना फुल कट मारून बघा. ताण दिसला तर लांब होज घाला. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचे. स्प्रिंग दाबायचं हत्यार नीट नसेल तर शॉकअप खोलायचाच नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

वर दिलेल्या मापांत स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या पुढे असते, आणि किलोमीटरही तितकेच कमी मोजले जातात. स्टेपनी त्याच मापाची घ्या आणि ती मूळ जागेत बसते का ते आधी बघा. वेगळ्या व्यासाचं एक चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह टाकलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियल एकमेकांशी भांडत राहतात. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा. आणि हेडलाइट खाली करून घ्या. उचललेल्या गाडीचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.