नवऱ्याच्या खापरपणजोबाचा खापरपणजोबा शोधताना

माझ्या सासूबाई पेनसिल्व्हेनियाच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला त्यांनी ऐकवलं की आमचा पूर्वज अमेरिकेच्या क्रांतियुद्धात, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारी उभा राहून लढलाय. मी मनात म्हटलं, आपल्याकडे नाही का, प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर होताच.

लॉकडाऊनमध्ये वेळ होता म्हणून शोधायला घेतलं आणि पहिलीच चूक केली ती ही की थेट सैनिकापासून सुरुवात केली. फोल्ड३ या जुन्या लष्करी कागदपत्रांच्या वेबसाइटवर नाव टाकलं, पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर काउंटी टाकलं, लगेच एक पेन्शन फाइल मिळाली. म्हातारा १८३२ साली कोर्टात उभा राहून सांगतोय की मी हेसियन (ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे भाडोत्री जर्मन सैनिक) कैद्यांवर पहारा दिला, कॅप्टनचं नाव अमुक, डिस्चार्जचा कागद होता पण घर जळालं तेव्हा गेला. सही येत नाही म्हणून खाली फुली मारलेली. रात्री दोन वाजता ती फुली बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं, काय सांगू. आठ महिने मी त्याला आमचा म्हणून मिरवला. मग लक्षात आलं की फाइलमधला बाबा ओहायोला जाऊन राहिलाय आणि आमच्या माणसाचं मृत्युपत्र १८११ चं, तेही लँकेस्टरमधलंच! एकाच टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या एकाच लहान भागात, एकाच नावाचे दोघं होते. शेवटी टॅक्सच्या याद्यांनी सोडवलं: एकाकडे शंभर एकर आणि दोन घोडे, दुसरा विणकर, एक गाय, जमीन शून्य. आमचा घोडेवाला.

तर नवीन लोकांना माझं सांगणं एवढंच की स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी, जन्म-लग्न-मृत्यूचा कागद हातात आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी सगळे नुसते आकडे, त्यामुळे तिथे मुलगा कोण आणि पुतण्या कोण हे कळतच नाही. तिथे मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद हेच कामाला येतं. पेनसिल्व्हेनियात ऑर्फन्स कोर्ट म्हणून प्रकार आहे, नाव अनाथांचं पण वाटणीची भांडणंही तिथेच, आणि भावकी भांडली की सगळ्या वारसांची नावं एका कागदावर मिळतात :)

स्पेलिंगचा तर विचारूच नका. जर्मन लोकांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिलेली, म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ. आणि मूळ जर्मन चर्चच्या वह्या जुन्या वळणाच्या अक्षरात, आपल्या मोडीसारख्या, देवनागरी येत असूनही मोडी समोर आली की कसं होतं, तस्सं.

आता मिलिशियाची भानगड. मिलिशिया म्हणजे गावोगावच्या साध्या नागरिकांची फौज, वॉशिंग्टनच्या कॉन्टिनेन्टल आर्मीसारखी कायमची फौज नाही. पेनसिल्व्हेनियात १७७७ च्या कायद्याने १८ ते ५३ वयाच्या पुरुषांची नावं यादीत घातली, त्यांचे आठ क्लास पाडले आणि पाळीपाळीने दोन-दोन महिन्यांसाठी बोलवायचे. म्हणजे यादीत नाव दिसलं याचा अर्थ तो लढला असा होत नाही, पावसात कवायतीला उभा असेल फार तर. प्रत्यक्ष ड्युटीवर गेल्याची किंवा त्या ड्युटीच्या पगाराची नोंद वेगळी शोधावी लागते. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने सैनिकांच्या नोंदींची कार्डं ऑनलाइन टाकलीत, मला तिथेच मिळालं. राजधानी वॉशिंग्टन शहरातले युद्धखात्याचे बरेच कागद नोव्हेंबर १८०० च्या आगीत गेले, म्हणून राज्याचं दफ्तर आधी बघा.

पेन्शन फाइल मात्र मिळाली तर लॉटरी. १८१८ चा कायदा कॉन्टिनेन्टलवाल्यांसाठी होता, १८३२ च्या कायद्याने मिलिशियावाल्यांनाही दार उघडलं, पण किमान सहा महिन्यांची नोकरी हवी आणि माणूस तोवर जिवंत हवा. फाइल नंबरच्या आधी एस असेल तर तो स्वतः, डब्ल्यू असेल तर विधवा, आर असेल तर अर्ज नाकारलेला. आर बघून सोडून देऊ नका हां, नाकारलेले लोक जास्त बोलतात. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची, जन्म-लग्नं लिहून ठेवलेली पानं फाडून जोडलेली असायची.

आमचा १८११ लाच गेलेला, म्हणजे पेन्शन नाहीच. मग मी त्याच्या कंपनीतल्या, म्हणजे लष्करी तुकडीतल्या, शेजाऱ्यांच्या फाइली वाचायला लागले. कंपनी गावोगाव उभी राहायची, त्यामुळे शेजारी कुठे गेला, कॅप्टन कोण, कुठे मुक्काम, हे त्यांच्याकडून कळतं. खरी मजा तिथेच आली.

बाय द वे, यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्याचं सैन्य शरण आलं तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्ध मराठे त्याच्याच बाजूने उभे राहिले. हे सांगितल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच त्याला बोलावलं होतं.

शेवटी हाती काय लागलं? एका पाळीला दोन महिने हजर, पुढच्या पाळीला गैरहजर म्हणून दंड. सासूबाईंना दंडाचं सांगायला मी चार दिवस लावले. त्यांनी कार्डाची प्रिंट चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, "दंड भरला होता ना?"

भरला होता.