इन्व्हेंटरी सर्व्हर अपडेट करायच्या आधी आकडा लिहून ठेवा (नवीन आयटी अ‍ॅडमिनसाठी माझा अनुभव)

डिप्लोमा करून चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला लागलो तेव्हा आमची इन्व्हेंटरी, म्हणजे कंपनीतल्या मशीनची यादी, ही एक एक्सेल शीट होती. ऑडिट आलं की आम्ही दोघं टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकून सीरियल नंबर उतरवायचो. नंतर आमच्या सरांनी जीएलपीआय बसवलं, ते मशीनची नोंद आणि तक्रारींची तिकिटं ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, आणि त्याला फ्युजनइन्व्हेंटरीचं प्लगइन जोडलं, मग प्रत्येक पीसीवरचा एजंट (माहिती गोळा करून सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्राम) रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर सगळं आपोआप पाठवायला लागला.

एप्रिल २०२२ मध्ये जीएलपीआय १० आलं आणि इन्व्हेंटरी प्लगइनमधून मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली, एजंटही नवीन. तोपर्यंत सर दुसरीकडे गेले होते, अपडेटचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी केलं, लॉगिन झालं, तिकिटं दिसली, घरी गेलो. सोमवारी बघतो तर नवीन मशीन एकही येत नाही, कारण नव्या व्हर्जनमध्ये इन्व्हेंटरी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि एजंटचा सर्व्हरचा पत्ताही बदलावा लागतो. ते केलं तर दोन दिवसांत ३४० ची ४८० मशीन झाली!

त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण इन्व्हेंटरीचं सगळं गणित इथेच आहे. सॉफ्टवेअर मशीन ओळखतं कशावरून? सीरियल नंबर, यूयूआयडी (मदरबोर्डचा ओळख क्रमांक), नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस. आमच्याकडे असेंबल्ड पीसी भरपूर, त्यांच्या बायोसमध्ये सीरियलच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे दुकानदाराने कधी भरलंच नाही. लॅपटॉपवाले यूएसबीचा लॅन डोंगल एकमेकांत फिरवतात, त्यामुळे मॅकवरही भरवसा नाही. सरांनी जुन्या प्लगइनमध्ये या सगळ्यासाठी इम्पोर्टचे नियम (आलेलं मशीन जुनं की नवीन हे ठरवणारे) बदलून ठेवले होते, नव्यात डिफॉल्ट नियम होते आणि मी ते उघडून बघितलेच नव्हते, म्हणून जुनंच मशीन नवीन समजून पुन्हा नोंदलं गेलं. चूक माझी होती. डुप्लिकेट हाताने काढायला आठवडा गेला.

म्हणून आता अपडेटच्या आधी मी आकडे लिहून काढतो, एकूण मशीन किती, गेल्या सात दिवसांत रिपोर्ट केलेली किती, प्रिंटर किती, स्विच किती, आणि नियमांच्या पानाचे स्क्रीनशॉट. मग बॅकअप घेतो, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), फाइल्सचा फोल्डर आणि कॉन्फिगचा फोल्डर. हा शेवटचा बरेच जण विसरतात, त्यात एन्क्रिप्शनची की फाइल असते, ती गेली तर साठवलेला एलडॅपचा (युजरच्या डिरेक्टरीचा) आणि मेलचा पासवर्ड वाचता येत नाही. आणि सगळ्या पीसींवर नवीन एजंट एकदम ढकलू नका, आधी दहा टाका, त्यात दोन असेंबल्ड, दोन लॅपटॉप, एक शॉप फ्लोअरवरचा जुना. ज्या मशीनबद्दल शंका असेल तिथेच बसून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६२३५४ पोर्ट उघडा, एजंट जिवंत आहे का ते कळतं आणि तिथूनच लगेच इन्व्हेंटरी पाठवता येते.

ज्यांच्याकडे एजंट नाही, नुसतं डब्ल्यूएमआयने (विंडोजची माहिती नेटवर्कवरून वाचायची सोय) स्कॅन चालतं, त्यांची गोष्ट वेगळी. हे स्कॅन ज्या डीकॉमवरून चालतं त्याची सिक्युरिटी मायक्रोसॉफ्टने टप्प्याटप्प्याने कडक केली, जून २०२१ ला सुरुवात, जून २०२२ ला बाय डिफॉल्ट चालू, आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर ती बंद करायची सोयच राहिली नाही. माझ्या एका मित्राचा जुना स्कॅनर तेव्हा सगळीकडे अ‍ॅक्सेस डिनाइड द्यायला लागला, तो तीन दिवस पासवर्ड आणि फायरवॉल तपासत बसला, आणि उत्तर समोरच्या पीसीच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६ नंबरच्या इव्हेंटमध्ये पडलेलं होतं. स्कॅनरचं नवीन व्हर्जन टाकलं की सुटलं. त्यामुळे टूलच्या रिलीज नोट्स वाचाच पण विंडोजच्या अपडेटच्याही वाचा.

आणि इन्व्हेंटरी सर्व्हर स्वतःच धोक्यात येऊ शकतो हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे तुमच्या अख्ख्या नेटवर्कचा नकाशा आहे. २०२२ मध्ये जीएलपीआयबरोबर येणाऱ्या एका लायब्ररीत लॉगिन न करता बाहेरून कोड चालवता येईल असं भोक सापडलं होतं, ते १०.०.३ मध्ये बुजवलं. असा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवूच नका.

नवीन लोक स्वतःच्या पॉवरशेल स्क्रिप्ट लिहितात, चांगलंच आहे, पण सॉफ्टवेअरची यादी काढायला विन३२ प्रॉडक्ट हा क्लास वापरू नका. तो नुसता वाचत नाही, प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी सुरू करतो, मशीन हळू होतं. रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉल की वाचा, ३२ बिटवाल्यांची वेगळी असते तीही धरा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या भोकाचा गोंधळ झाला तेव्हा अशी यादी पुरली नव्हती, कारण ती जार फाइल दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेली असायची, फाइल शोधणारं स्कॅन वेगळं चालवावं लागलं.

एवढं सगळं कशासाठी, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याआधी मॅनेजमेंटने विचारलं किती पीसी बदलायचे. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप आहे का, प्रोसेसर चालतो का, हे मी एका दुपारी काढून दिलं. पण यादी देण्याआधी स्टोअरमधल्या काकांकडे गेलो, कारण बंद पडून कपाटात ठेवलेलं मशीन कुठलाच एजंट सांगत नाही, आणि काकांच्या गेटपासच्या रजिस्टरमध्ये अशी अकरा सापडली. ती आता हाताने टाकलेली आहेत, स्टेटस "स्टोअरमध्ये" असं लावून.