गच्चीवरचा पाऊस उपग्रहाशी ताडून पाहा

आमच्या नागपुरात सीताबर्डी चिंब आणि हिंगणा कोरडं, हे नेहमीचंच. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी गच्चीवर पर्जन्यमापक ठेवायला लावतो. सरळ बाजूंचा डबा चालतो. झाड नि पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा, हवामान खात्याची वेळ तीच.

मग नासाच्या जिओव्हानी संकेतस्थळावर मोफत खातं काढा. आयमर्ग म्हणजे उपग्रहांवरून काढलेला नासाचा पावसाचा अंदाज, त्याची अर्ध्या तासाची माहिती निवडा आणि चौकट द्या: रेखांश 79.0 ते 79.1, अक्षांश 21.1 ते 21.2. वेळ जागतिक (यूटीसी) असते, आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथले 03:00, म्हणून दिवस 03:00 ते 03:00 धरा. आकडे ताशी मिलिमीटरमध्ये येतात. प्रत्येकाचा निम्मा करून बेरीज करा. पोट्टे इथंच घोळ घालतात, बाप्पा!

यामागचा जीपीएम हा पाऊस मोजणारा उपग्रह 2014 मध्ये जपानमधून सुटला. त्याचा जपानी रडार 13.6 आणि 35.5 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो: पहिली जोरदार सरींसाठी, दुसरी हलक्या पावसासाठी नि हिमासाठी. हिम नागपुरात कुठलं, म्हणाल? जुलैतही साधारण पाच किलोमीटरच्या वर ढगात बर्फच असतो. तो वितळतो त्या थरात प्रतिध्वनी एकदम ठळक उमटतो. मला सगळ्यात मजा इथंच येते.

हा रडार मात्र सतत डोक्यावर नसतो. आयमर्ग इतर उपग्रहांची सूक्ष्मलहरी व अवरक्त निरीक्षणं जोडून मधल्या वेळा भरतं. शिवाय चौकट दहा-अकरा किलोमीटरची, डबा वीतभर. एका सरीवरून भांडू नका, महिन्याची बेरीज ताडा.